शेवंतीचे पैसे

शेवंती फुकट मिळाली होती, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीला उत्तरेश्वर भोसगेनं जन्मात कधी नाही म्हटलं नव्हतं. नऱ्ह्याच्या ज्या वर्कशॉपात तो लेथ चालवायचा, तिथं भंगाराच्या ढिगामागे एक कुत्री व्याली आणि आठवड्याभरात ट्रकखाली गेली. चारातली तीन पिल्लं लोकांनी नेली. उरलं ते पिवळट रंगाचं, मादी म्हणून मागं राहिलेलं. उत्तरेश्वरनं ते डब्याच्या पिशवीत घातलं आणि धायरीला घरी आणलं. त्याच्या बायकोनं, मुक्ताईनं, पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिथल्या तिथं नाव ठेवलं.

फुकटातली शेवंती पहिल्याच महिन्यात बाराशेला पडली. जंताचं औषध, दोन इंजेक्शनं, गळ्यातला पट्टा आणि तिनं फाडलेली शेजारणीची चादर. पुढं रेबीजची सुई दर वर्षी, गोचिडांची पावडर दर पावसाळ्यात, आणि महापालिकेचा परवाना, जो काढायचा काढायचा म्हणत सात वर्षांत निघालाच नाही. चिकनच्या दुकानातून कोंबडीचे पाय आणि मुंड्या आणायच्या, तर त्याही आधी फुकट मिळायच्या, मग वीस रुपये किलो झाल्या, मग पन्नास. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं उत्तरेश्वर दर खेपेला म्हणायचा. म्हणायचा आणि पैसे द्यायचा. गल्लीत त्याला कवडीचुंबक म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. रिक्षाचे दहा रुपये वाचावेत म्हणून तो धायरी फाट्यापासून भर उन्हात चालत यायचा. पण शेवंतीच्या खर्चाची तक्रार तो ज्या सुरात करायचा, त्या सुरात लोक पोरांच्या शाळेच्या फीची तक्रार करतात.

त्यांना पोर नव्हतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. अहमदपूरला असताना झाडपाला झाला, लातूरचे दवाखाने झाले, पुण्याला आल्यावर इथले झाले, आणि चाळिशी उलटल्यावर मुक्ताईची पिशवीच काढावी लागली. त्यानंतर तिनं त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. एकदाच बोलली, शेवंती वर्षाची झाली तेव्हा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करणारी गाडी गल्लीत आली होती. गाडीवाले म्हणाले, हिलाही नेतो, पैसे पडत नाहीत, चार दिवसांत आणून सोडतो. फुकट म्हटल्यावर उत्तरेश्वर तयारच होता. मुक्ताईनं शेवंतीला आत ओढलं आणि दाराला कडी घातली.

"माझी काढली तेवढी बास," ती दाराआडून म्हणाली. "ह्या घरात आता कुनाची पिशवी काढायची नाही."

पुढं गाडीचा आवाज आला की शेवंती स्वतःच कॉटखाली जाऊन बसायला शिकली. तिला पिल्लं मात्र कधी झाली नाहीत, कारण ते दिवस आले की मुक्ताई तिला पंधरा पंधरा दिवस घराबाहेर सोडत नसे. कूस राखायची आणि भरू मात्र द्यायची नाही, यातला घोळ त्या दोघांनाही कधी दिसला नाही.

मागच्या दिवाळीनंतर शेवंतीनं खाणं सोडलं. पाणी मात्र बादलीच्या बादली प्यायची. पोट फुगत चाललं. चौथ्या दिवशी उत्तरेश्वरनं तिला सिंहगड रस्त्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी केली आणि सांगितलं की पिशवीत पू झालाय, ऑपरेशन न केलेल्या माद्यांना या वयात होतो, दोन दिवसांत पिशवी काढली नाही तर ही वाचणार नाही. रक्ताच्या तपासण्या, ऑपरेशन, सलाईन, तीन दिवस ठेवून घेणं, सगळं मिळून तेवीस-चोवीस हजार.

उत्तरेश्वरचा पगार एकोणीस हजार होता. मुक्ताई खोल्या घेऊन राहणाऱ्या आयटीतल्या पोरांसाठी चपात्या लाटायची आणि त्यातून तिनं गल्लीत भिशी लावली होती. बारा बायका, दर महिन्याला दोन दोन हजार, आणि चिठ्ठी निघेल तिला सगळी रक्कम. तिची चिठ्ठी नेमकी त्याच महिन्यात निघाली होती. त्या चोवीस हजारांत घरघंटी यायची होती. आपलं दळण घरीच निघालं असतं, शेजाऱ्यांचं घेऊन चार पैसे सुटले असते, आणि मग पहाटेपासून दोनशे चपात्या लाटण्यातून तिच्या खांद्यांची थोडी सुटका झाली असती. दुकानात जाऊन ती दोनदा घरघंटी बघून आली होती. डॉक्टरांचा आकडा ऐकल्यावर तिनं डब्यातले पैसे काढले, नोटा मोजल्याही नाहीत, आणि नवऱ्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात घातले.

"काढू नका म्हनून मीच आडवी पडले होते," ती म्हणाली. "आता मीच भरते. जावा तुम्ही."

ती स्वतः गेली नाही. तिला ते बघवलं नसतं.

गल्लीतल्या दत्तोबाचा टेम्पो होता. त्यानं मागं गोधडी अंथरून शेवंतीला झोपवलं आणि गाडी सुरू करता करता किती खर्च आहे म्हणून विचारलं. आकडा ऐकून तो हसलाच. येरवड्याच्या बाजूला एका संस्थेचा दवाखाना आहे, तो म्हणाला, भटक्या जनावरांचं सगळं फुकट करतात, डॉक्टर चांगले आहेत, ऑपरेशन तेच. फक्त आपली म्हणायची नाही. रस्त्यावर दिसली, दया आली, उचलून आणली, एवढंच सांगायचं.

उत्तरेश्वर वाईट माणूस नव्हता, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. त्याच्या डोळ्यांपुढं घरघंटी होती. कुत्री वाचेल आणि घरघंटीही येईल, मग मुक्ताईला सगळं खरं सांगायचं, ती आधी चिडेल आणि मग हसेल, इतकं सगळं टेम्पो स्वारगेटला पोचेपर्यंत त्याच्या मनात ठरून गेलं. दवाखान्याच्या फाटकाबाहेर त्यानं शेवंतीच्या गळ्यातला पट्टा काढला. तिनं मान पुढं करून काढू दिला.

खिडकीत अलिझा नावाची एक पंचविशीतली मुलगी फॉर्म भरत होती. तिनं विचारलं, मालकीची की भटकी. उत्तरेश्वर जरा घुटमळला, तशी तीच म्हणाली की मालकीची असली तरी घाबरू नका, बारा हजार होतात, हप्तेही करून देतो. चोवीस हजार त्याच्या छातीशी होते. बारा भरूनही बारा वाचत होते. पण फुकट हा शब्द एकदा कानात शिरला की अर्धी किंमतसुद्धा माणसाला लूट वाटते.

"भटकी," तो म्हणाला.

अलिझा खिडकीतून बाहेर आली, शेवंतीजवळ खाली बसली, तिचा पुढचा पाय हातात घेतला. "काका, नखं कापलेली आहेत हिची," ती म्हणाली. उत्तरेश्वर म्हणाला, असतील. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि परत खुर्चीवर जाऊन लिहिलं. कुठं सापडली, हा पुढचा प्रश्न होता. चोराच्या मनात चांदणं. धायरी म्हटलं आणि कुणी चौकशीला आलं, तर गल्लीतलं शेंबडं पोरही भोसग्यांच्या घराकडे बोट दाखवेल. त्यानं तोंडाला येईल ते सांगितलं: वारज्याला, हायवेच्या पुलाखाली. तिनं तेही लिहिलं. आणणाऱ्याच्या रकान्यात त्याचं नाव आणि फोन घातला आणि मालकाच्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. शेवंतीला आत नेलं, तेव्हा ती सारखी मागं वळून बघत होती आणि उत्तरेश्वर भिंतीवरचा लसींचा तक्ता वाचत होता.

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी फोनवर तसं कळलं तेव्हा मुक्ताई देवापुढं बसून रडली. सगळे पैसे लागले का, म्हणून तिनं विचारलं, आणि उत्तरेश्वर म्हणाला, लागले. तिला शेवंतीला बघायला जायचं होतं. त्यानं सांगितलं, टाके सुकेपर्यंत दहा दिवस ठेवून घेणार आहेत, आणि डॉक्टर नको म्हणतात, मालक दिसला की जनावर उड्या मारतं आणि टाके तुटतात. एक खोटं पचलं की दुसरं आपोआप सुचतं. तो स्वतःही गेला नाही. त्याला बघून शेवंती काय करेल हे त्याला चांगलं ठाऊक होतं आणि ते अलिझाच्या देखत व्हायला नको होतं. दहाव्या दिवशी रजा टाकायची, जनावराचा जीव लागला, मीच पाळतो म्हणायचं आणि घेऊन यायचं, असा त्याचा बेत होता. मधल्या एका संध्याकाळी घरघंटीच्या दुकानात जाऊन तो भावाची घासाघीसही करून आला.

आठव्या दिवशी दुपारी लेथवर असताना त्याच्या फोनवर एक फोटो आला. हायवेचा पूल, त्याचा खांब, खांबाशी शेवंती. पोट भादरलेलं, नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांचं कापतात तसं डाव्या कानाचं टोक कापलेलं. ती फोटो काढणाऱ्याकडे बघत होती. खाली तारीख, वेळ आणि वारज्याचा पत्ता छापला होता.

त्यानं लगेच दवाखान्यात फोन लावला. अलिझानंच उचलला. तिच्या आवाजात आनंद होता. टाके छान भरले, ताप नाही, म्हणून दोन दिवस आधीच सोडलं, ती म्हणाली. भटकं जनावर जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, हा कायदाच आहे, दुसरीकडं सोडता येत नाही.

"तुम्ही सांगितलेल्या जागेवरच सोडलंय, काका. सकाळी साडेसातला."

उत्तरेश्वरनं मशीन चालूच ठेवलं आणि तो निघाला. वारज्याला पोचेपर्यंत अडीच वाजले होते. पुलाखाली शहाबाज नावाचा पंक्चरवाला बसतो. त्याला फोटो दाखवल्यावर त्यानं लगेच ओळखलं. गाडीतून उतरवली ती अकरा वाजेपर्यंत त्या खांबापाशी बसून होती, तो म्हणाला, टेम्पो आला की उठून उभी राहायची, गेला की परत बसायची. त्यानं पाव टाकला होता, तिनं तोंड लावलं नाही. मग उठली आणि सर्व्हिस रोडच्या कडेनं वडगावच्या दिशेनं चालू लागली.

वडगावच्या दिशेला धायरी होती. शेवंती घराकडे निघाली होती. मध्ये नदीवरचा पूल होता, आणि पुढं तो रस्ता, जिथं चार चार ट्रक एकाच वेळी उतारावरून येतात. तिनं सात वर्षांत एकटीनं गल्लीसुद्धा ओलांडली नव्हती. उत्तरेश्वर ते सगळं अंतर चालला. शेवंते, शेवंते, अशा हाका मारत एक पन्नाशीचा माणूस हायवेच्या कडेनं चाललाय म्हटल्यावर दोन-तीन जणांनी गाड्या थांबवल्या. त्यांना वाटलं, हा बायकोला शोधतोय. त्यानं फोटो दाखवला की ते मान हलवून पुढं जात.

घरी पोचला तेव्हा अंधार झाला होता. दारातच उभं राहून त्यानं मुक्ताईला सगळं सांगितलं. टेम्पोतलं, फॉर्मवरचं, बारा हजारांचं, काहीच लपवलं नाही. चोवीस हजार त्यानं ओट्यावर ठेवले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ऐकत राहिली.

"कुनाची म्हनून लिहिलं?" तिनं विचारलं.

उत्तरेश्वर ओट्यावरच्या नोटा सरळ करायला लागला.

"कुनाचीच नाही म्हनून," तिनंच उत्तर दिलं, आणि कणकेची परात पुढं ओढली.

पुढचे चार रविवार ती दोघं त्या रस्त्यावर गेली, ती एका कडेनं आणि तो दुसऱ्या कडेनं. पेट्रोल पंपावर, रसवंतीवर, भंगाराच्या दुकानात फोटो दाखवला. रस्ता झाडणाऱ्या माणसानं सांगितलं की सकाळी एखाद-दुसरं जनावर पडलेलं असतंच, रंग कोण बघतं. ते ऐकून मुक्ताई तिथंच दुभाजकाला धरून उभी राहिली आणि मग परत चालायला लागली. वाटेत ती नवऱ्याशी बोलायची, पण कामापुरतं. चपात्यांचा डबा पोचवला का, गॅसचा नंबर लावला का. त्याला जेवायला वाढायची आणि स्वतः नंतर जेवायची. पैसे मात्र ओट्यावरून फडताळात गेले होते आणि तिथंच होते. फडताळ उघडलं की दिसायचे, आणि दोघंही ते लवकर बंद करत.

चौथ्या रविवारी रात्री उत्तरेश्वरला राहवलं नाही. निदान घरघंटी तरी घेऊन टाकू, तो म्हणाला, तुझे पैसे आहेत, तुझे खांदे तरी वाचतील. त्याला काहीतरी करायचं होतं आणि दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

"ते तिचे पैसे हायेत," मुक्ताई म्हणाली. "तिला नेऊन द्या."

ती रागानं बोलली नव्हती. शेजारणीचं भांडं परत देऊन या म्हणावं, तसं तिनं सांगितलं आणि दिवा घालवला. उत्तरेश्वर अंधारात बसून राहिला. आपण नेमकं काय विकलं आणि केवढ्याला, हे त्या रात्री त्याला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, दोन बस बदलून तो येरवड्याला गेला. खिडकीत अलिझाच होती. त्यानं नोटांचं पुडकं तिच्यापुढं ठेवलं.

"ती भटकी नव्हती," तो म्हणाला. "माझी होती."

अलिझानं पुडक्याला हात लावला नाही. मग तिनं हळू आवाजात विचारलं, सापडली का, आणि त्याच्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारलं नाही. आता बिल करता येणार नाही, ती म्हणाली, भटकी म्हणून केस बंद झालीय. घ्यायचे तर देणगी म्हणून घेता येतील, पण एवढे सगळे देऊ नका. त्यानं सगळे घ्यायला सांगितले. तिनं नोटा मोजल्या आणि संगणकावर पावतीचं पान उघडलं.

"देणाऱ्याचं पूर्ण नाव सांगा, काका."

"शेवंती."

तिची बोटं थांबली. ती त्याला काही समजावणार होती बहुतेक, पण समजावलं नाही. तिनं नाव टाइप केलं. पुढची चौकट भरल्याशिवाय संगणक पुढं जात नव्हता.

"वडिलांचं नाव?"

"उत्तरेश्वर."

"आडनाव?"

"भोसगे."

पावती छापून आली. तिनं शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी ती त्याला दिली. फाटकाबाहेर येऊन त्यानं कागद उघडला. शेवंती उत्तरेश्वर भोसगे, अक्षरी रुपये चोवीस हजार फक्त. महिन्याभरापूर्वी याच खिडकीत ती माझी आहे एवढं म्हणायला त्याला बारा हजार जड झाले होते. तो तिथंच फूटपाथवर बसला आणि रडला. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता.

घरी आला तेव्हा मुक्ताई संध्याकाळच्या चपात्या लाटत होती. त्यानं पावती तिच्यापुढं धरली. तिनं पदराला हात पुसले, कागद उजेडाकडं नेला आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवत नाव वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तव्यावरची चपाती करपायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग तिनं पावती परत त्याच्या हातात दिली.

"आईचं नाव राहिलं," ती म्हणाली. "आता सगळ्या कागदावर घालतेत की."